ऐंशी दिवसांत जगाची चक्कर, तेही फक्त आवाजातून: आमच्या रेडिओ-स्टाईल नाटकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग झाल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर, अगदी इथे नागपुरात धरमपेठेत भाजी घेताना सुद्धा लोक तेच तेच प्रश्न विचारून राहिले, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते. मी या नाटकात आवाजाच्या टेबलावर असते, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहिलं जाईल. पण ते वाचाच, कारण निम्म्याहून जास्त नाटक त्या टेबलावरच घडतं.

हे नाटक आहे की रेडिओ?

दोन्ही. स्टेजवर सेट नाही, वेशभूषा नाही, चार माईक उभे आहेत, कलाकार हातात स्क्रिप्टचे कागद धरून वाचतात, एका बाजूला हार्मोनियम आणि तबला, दुसऱ्या बाजूला लांबलचक टेबल आणि त्यावर करवंट्या, सूप, पत्रा, साखळ्या, वेताची खुर्ची असा सगळा पसारा. रेडिओच्या जुन्या काळात स्टुडिओत श्रुतिका जशी लाईव्ह व्हायची तशीच, फक्त इथे तुम्ही काचेच्या आत बसून बघताय. ज्यांच्या घरी दुपारी आकाशवाणी आणि रात्री विविध भारतीचं हवामहल लागायचं त्यांना दोन मिनिटांत समजतं, बाकीच्यांना पाच मिनिटं लागतात.

मग डोळे मिटून बसायचं का?

तुमच्यावर आहे. बरेच लोक सुरुवातीला टेबलाकडेच बघतात, आवाज कशातून निघून राहिला ते शोधतात, आणि मग हत्तीच्या प्रवेशापर्यंत आपोआप डोळे मिटतात किंवा नजर कुठेतरी वर लागते. मला दोन्ही आवडतं. नारळाच्या करवंटीतून घोडा निघतो हे दिसत असूनही घोडाच ऐकू येतो, ही फार मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

एवढ्या साहसकथा असताना हीच काहून निवडली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर रेल्वेत आहे.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची ही कादंबरी ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात पॅरिसच्या ‘ल ताँ’ नावाच्या पेपरात क्रमशः छापून आली, आणि गोष्टीतला फिलिअस फॉग सुद्धा ऐंशी दिवसांत जगाची चक्कर मारायची पैज लावून २ ऑक्टोबर १८७२ ला रात्री पावणेनऊला लंडनहून निघतो आणि त्याला २१ डिसेंबरला पावणेनऊच्या आत परत पोचायचं असतं. म्हणजे तेव्हाच्या वाचकाला पेपरमध्ये जो महिना दिसून राहिला जवळपास तोच गोष्टीत. रेडिओला अशी गोष्ट फार मानवते, कारण घड्याळ सतत चालू असतं आणि घड्याळ ही ऐकायचीच वस्तू आहे.

आता रेल्वे. फॉगच्या हिशेबात मुंबई ते कलकत्ता ३ दिवस धरलेले आहेत. तो मुंबईला बोटीतून उतरतो, रात्री ८ च्या गाडीत बसतो, नाशिक जातं, बुऱ्हाणपूर जातं, आणि मग खोल्बी नावाच्या ठिकाणी गाडी थांबते आणि सांगतात की उतरा, पुढे रूळच नाहीत, अलाहाबादपर्यंत ५० मैल ज्याने त्याने आपलं बघावं. मग तो २००० पौंडाला हत्ती विकत घेतो. खऱ्या इतिहासात मुंबई-कलकत्ता लाईन जबलपूरमार्गे १८७० सालीच जोडली गेली होती, तो तुटका रूळ गोष्टीतलाच. पण १८७२ साली रूळ खरोखर एका जागी येऊन संपत होते, ती जागा म्हणजे आपलं नागपूर! ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून येणारी लाईन १८६७ साली नागपुरात पोचली आणि इथेच थांबली. पूर्वेकडे छत्तीसगडच्या बाजूला रूळ पडायला १८८० चं दशक यावं लागलं आणि बंगाल नागपूर रेल्वे कंपनी तर १८८७ ची. म्हणजे त्या वर्षी नागपूर स्टेशनात उतरून कोणाला सरळ कलकत्त्याकडे जायचं असतं तर त्याच्यावर हुबेहूब फॉगसारखी वेळ आली असती, पुढे बैलगाडी बघा नाहीतर हत्ती.

हे लक्षात आलं त्या दिवशी आम्ही बाकीच्या सगळ्या गोष्टी बाजूला ठेवल्या. आमचा निवेदक नागपूरकर आहे आणि खोल्बीच्या प्रवेशाआधी तो हे सांगतो. आम्ही खोल्बीचं नागपूर केलेलं नाही, ते चुकीचं झालं असतं, फॉग नागपूरला आलाच नव्हता. पण ‘रूळ संपले’ हे वाक्य इथल्या हॉलमध्ये ज्या शांततेत ऐकलं जातं ती मला दुसरीकडे मिळेल असं वाटत नाही.

ही गोष्ट रेडिओवर आधी कोणी केली आहे का?

हो. ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरने २३ ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत सीबीएस रेडिओवर तासाभरात बसवली होती, फॉग स्वतः वेल्स, संगीत बर्नार्ड हरमनचं. आणि त्याच्या बरोबर पुढच्या आठवड्यात, ३० ऑक्टोबरला, त्यांनी मंगळवासीयांच्या हल्ल्याची ती सुप्रसिद्ध श्रुतिका केली, त्यामुळे आधीचा आठवडा लोकांच्या लक्षात राहिला नाही. सीबीएसच्या साऊंड इफेक्ट विभागाची प्रमुख तेव्हा ओरा निकोल्स नावाची बाई होती. माझ्या टेबलावर तिचं नाव चिटकवलेलं आहे.

आमची संहिता त्यांच्यावरून घेतलेली नाही, मूळ कादंबरीवरून नवीन लिहिली.

पोस्टरवर बलून का नाही? गोष्टीत तो बलूनमधून जातो न?

नाही जात. बलून १९५६ च्या सिनेमाने आणला आणि तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तोच बसला. पुस्तकात आगगाडी, आगबोट, हत्ती, आणि अमेरिकेत बर्फावरून शिडाची घसरगाडी. शिडाची घसरगाडी बलूनपेक्षा कानाला कितीतरी जास्त देते.

हक्क कोणाचे? आम्ही आमच्या कॉलेजात केलं तर चालेल का?

व्हर्न १९०५ साली गेले. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो केव्हाच संपला, त्यामुळे मूळ गोष्ट सगळ्यांची आहे. पण एक लक्षात ठेवा, मराठी भाषांतर सगळ्यांचं नसतं! भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोचवला, माझ्या पिढीला तर त्यांच्यामुळेच व्हर्न माहीत झाला, पण ते २००१ साली गेले, म्हणजे त्यांच्या भाषांतरांवरचा हक्क अजून बराच काळ आहे. कोणाच्याही भाषांतरातले संवाद उचलून स्क्रिप्ट करू नका. मूळ किंवा हक्कमुक्त जुनं इंग्रजी भाषांतर समोर ठेवा आणि संवाद स्वतःचे लिहा, मेहनत आहे पण मजा पण त्यातच आहे.

आणि तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वाचून दाखवतोय म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. त्याला वेळ लागतो, प्रयोगाची तारीख छापायच्या आधी पाठवा.

कादंबरीची श्रुतिका करताना काय कापलं?

भरपूर. सव्वा तासात अख्खी पृथ्वी बसवायची तर निवडावंच लागतं. आम्ही प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारला, इथे ऐकू काय येतं? क्लबमधली पैज: पत्ते, घड्याळ, नाण्यांचा आवाज, ठेवा. सुएझचं बंदर, ठेवा पण छोटं. मुंबईत फॉगचा नोकर पासपार्तू बूट घालून मलबार हिलच्या देवळात शिरतो आणि लोक त्याच्या मागे लागतात, ठेवा, कारण तो बूट गमावून अनवाणी पळतो आणि पावलांचा आवाज बदलतो, हे रेडिओला आयतं मिळालंय. हाँगकाँगचा मोठा भाग कापला. अमेरिकेतला रेल्वेवरचा हल्ला पुस्तकात ज्या पद्धतीने तिथल्या सू नावाच्या मूळ रहिवासी लोकांना रंगवतो ते आम्हाला पटलं नाही म्हणून तो दोन वाक्यांच्या निवेदनात आटोपला.

लिहिताना सगळ्यात त्रास नावांनी दिला. फॉग आणि फिक्स. वाचताना काही वाटत नाही, पण ऐकताना दोन्ही फ पासून सुरू होणारी छोटी नावं, एक पैजेवाला साहेब आणि एक त्याला चोर समजून मागे लागलेला डिटेक्टिव्ह, पहिल्या वाचनात घरचे लोक पार गोंधळले. मग असं ठरलं की पासपार्तू फॉगला कधीच नावाने हाक मारणार नाही, फक्त ‘साहेब’, आणि फिक्सला सगळे पूर्ण ‘फिक्ससाहेब’ किंवा ‘डिटेक्टिव्ह’ म्हणणार. त्याशिवाय प्रत्येक प्रवेशाच्या पहिल्या तीन वाक्यांत कोण कोण खोलीत आहे ते बोलण्यातूनच कळलं पाहिजे. जो बराच वेळ बोलत नाही तो ऐकणाऱ्यासाठी निघून गेलेला असतो, म्हणून गप्प पात्राला मधे मधे खोकला, हुंकार, कपबशी असं काहीतरी द्यावं लागतं.

यात वऱ्हाडी का नाही वापरली? नागपूरचं नाटक न?

मोह झाला होता, खोटं नाही बोलत. पण हत्ती विकणारा खोल्बीचा, माहूत पुस्तकातच पारशी आहे, वाटेत सतीच्या चितेवरून वाचवलेली आऊदा पण पारशी, यांच्या तोंडी वऱ्हाडी घातली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि माणसं खोटी झाली असती. इकडची बोली फक्त निवेदकाच्या तोंडी आहे, तो आपल्यातलाच आहे म्हणून.

सतीचा प्रसंग ठेवलाय का?

ठेवलाय, आणि यावर आमची सगळ्यात जास्त भांडणं झाली. पुस्तकात बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्या राजाची तरुण विधवा, आऊदा, हिला अफू-गांजाच्या धुरात बेशुद्ध करून चितेकडे नेतात आणि पासपार्तू राजाचं सोंग घेऊन तिला उचलून आणतो. १८२९ च्या रेग्युलेशनने बंगाल प्रांतात सतीवर बंदी आली होती, म्हणजे गोष्टीच्या काळात हे बेकायदेशीर होऊन ४० वर्षं उलटली होती, पण युरोपच्या वाचकाला हिंदुस्थान असाच दाखवायची तेव्हा पद्धत होती. नुसतं साहस म्हणून केलं असतं तर गोऱ्या साहेबांनी वाचवलेली मुकी बाई एवढंच उरलं असतं.

काढून टाका असं एक मत होतं. पण काढलं तर आऊदाच निघून जाते. शेवटी आम्ही तो अख्खा प्रवेश तिच्या कानाने केला. आवाज आधी लांबून, दबलेले, पाण्याखालून आल्यासारखे, ढोल नीट ऐकू येत नाही, माणसं काय बोलतात ते कळत नाही, आणि जसजशी तिची शुद्ध येते तसतसे आवाज स्पष्ट होत जातात, आणि मग ती पहिलं वाक्य बोलते. ते वाक्य इथे लिहीत नाही. हा प्रवेश करताना माझे हात अजून थंड पडतात.

आवाज कशाकशाने काढता?

सांगते, यात लपवण्यासारखं काही नाही, उलट सगळ्यांनी करून बघावं.

घोड्याला करवंट्या हे सगळ्यांना माहीत आहे. पण चालणारा घोडा चार ठोक्यांचा, दुडकी दोन ठोक्यांची आणि हलकी दौड तीन ठोक्यांची, हे न समजता नुसतं टकटक केलं तर घोडा लाकडाचाच राहतो. करवंट्या कशावर वाजवता ते पण महत्त्वाचं: मातीचा रस्ता असेल तर परातीत माती, फरसबंदी असेल तर कडप्प्याचा तुकडा.

आगगाडी म्हणजे पॉलिश पेपर लावलेले दोन लाकडी ठोकळे, एकमेकांवर घासायचे, सुरुवातीला जड आणि हळू, मग लय वाढवत न्यायची, आणि रुळांच्या जोडाचा खटका तबलजी डग्ग्यावर देतो. खोल्बीला गाडी थांबते तेव्हा ही लय उतरवत उतरवत आणायला आम्हाला पंधरा दिवस लागले, कारण दोन माणसांनी एकाच वेळी मंदावणं फार कठीण असतं.

समुद्र सुपात आहे! सुपात ज्वारी घ्या आणि पाखडायच्या ऐवजी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ द्या, लाट येते आणि लाट जाते. तांदूळ घेतला तर बारीक लाट, हरभरा घेतला तर खडकावरची. सीडीवरचा समुद्र मी ऐकलाय, सुपातला जास्त ओला वाटतो. पावसाला मोहरी, वरून ताणलेल्या बटर पेपरवर सोडायची. गडगडाटाला चार फुटाचा पातळ पत्रा टांगून खालच्या कोपऱ्याला धरून हलवायचा, जोरात नाही, सावकाश. वाऱ्यासाठी जुन्या सायकलच्या चाकाला लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर जाड मांजरपाट ताणून बांधला, चाक फिरवलं की पट्ट्या कापडाला घासून वारा घोंघावतो, भरभर फिरवलं की वादळ. शिडाची घसरगाडी याच चाकावर चालते, सोबत कॉर्नफ्लोअर भरलेली कापडी पिशवी दाबायची म्हणजे पायाखालचं बर्फ.

चितेच्या आगीला सगळे प्लास्टिकचा कागद चुरगळतात. आम्ही पण केलं, पण ती कागदाची आग होती. मग आमच्यातल्या एकाने शेतावरून पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, आणल्या, माईकजवळ हळूहळू मोडल्या, मागे तो प्लास्टिकचा कागद अगदी बारीक, आणि मग आग पेटली. ज्याने लहानपणी चुलीत पऱ्हाटी घातलीय त्याला तो आवाज नाकात सुद्धा जातो.

शेवटी हेन्रिएटा बोट. कोळसा संपतो तेव्हा फॉग कप्तानाकडून ६०,००० डॉलरला बोटच विकत घेतो आणि तिचं लाकूडकाम तोडून बॉयलरमध्ये घालतो. यासाठी आम्ही दर प्रयोगाला संत्र्याच्या दोन जुन्या लाकडी पेट्या फोडतो. आता बहुतेक माल प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो, त्यामुळे लाकडी पेट्या शोधाव्या लागतात, कळमन्याच्या बाजारात आणि भंगारवाल्यांकडे विचारून ठेवलंय. त्या पातळ फळ्या तडातडा मोडतात तो आवाज दुसऱ्या कशातच नाही, आणि समोरच्या रांगेला संत्र्याचा वास येतो, हे ठरवून केलेलं नव्हतं.

आणि हत्ती?

हत्तीला वेगळं उत्तर पाहिजे. पहिला हत्ती आम्ही असा केला: गादीच्या तुकड्यावर वाळू भरलेली छोटी पोती आपटायची, धप्प, धप्प, आणि हौद्याची करकर म्हणून वेताच्या खुर्चीत बसून हलायचं. आम्ही सगळे खूश होतो. एका तालमीला आम्ही काही अंध विद्यार्थ्यांना ऐकायला बोलावलं होतं. प्रवेश संपल्यावर एक पोरगा म्हणाला, ‘ताई, हत्ती छान आहे, पण तो दोन पायांवर चालून राहिला.’

आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एकच जण दोन हातांनी पोती आपटत होता, म्हणजे दोनच पाय. मग हत्ती चालतानाचे व्हिडिओ बघितले, एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा, मग पुढचा. आता दोघं जण मिळून चार पोती आपटतात, जड आणि सारख्या अंतराने, खुर्चीची करकर प्रत्येक दुसऱ्या पावलावर, गळ्यातली घंटा थोडी उशिरा, आणि मधे मधे तुराटीची फांदी मोडते. चीत्कारासाठी पीव्हीसी पाईपला बँडवाल्याच्या ट्रम्पेटचं तोंड लावलंय. तोच पोरगा प्रयोगाला आला तेव्हा त्याने खिशातलं चॉकलेट मला दिलं, हत्तीसाठी.

तेव्हापासून कुठलाही नवीन आवाज आम्ही आधी या मुलांना ऐकवतो.

नेटवर सगळे इफेक्ट फुकट मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला?

कारण रेकॉर्ड केलेला आवाज नटाची वाट बघत नाही. पासपार्तू आज एक श्वास जास्त घेऊन दार ठोठावतो, उद्या घाईत ठोठावतो, माझा हात त्याच्या श्वासाबरोबर जातो, लॅपटॉप जात नाही. कॉलेजच्या मुलांनी लॅपटॉपवर केलं तर मी नाव ठेवणार नाही, सुरुवात महत्त्वाची. पण निदान दार, पावलं आणि कपबशी एवढं तरी हाताने करा.

माईक कुठले आणि किती?

चार. दोन कलाकारांना, एक आवाजाच्या टेबलाला, एक वाद्यांना. कलाकारांना साधे डायनॅमिक माईक, कारण ते जवळचंच ऐकतात आणि हॉलमधली खुसफुस उचलत नाहीत. टेबलाला कंडेन्सर, कारण ज्वारीचा बारीक आवाज डायनॅमिकला येतच नाही. जुन्या अमेरिकन स्टुडिओत रिबन माईक असायचे, ते पुढून आणि मागून दोन्हीकडून ऐकायचे म्हणून नट समोरासमोर उभे राहून बोलू शकायचे, आपल्याला ते परवडत नाही म्हणून आम्ही दोन माईक एकमेकांकडे तिरके ठेवले.

तोंडापासून माईक एक वीत. कुजबूज असेल तर चार बोटं. ओरडायचं असेल तर माईकपासून एक पाऊल मागे आणि मान बाजूला. लांबून येणारा माणूस खरंच लांबून चालत यावा, साऊंडवाल्याला आवाज वाढवायला सांगू नका, ते कानाला कळतं. आणि फॉग, फिक्स, पासपार्तू, तिन्ही नावं अशी की फ आणि प ची हवा सरळ माईकवर आदळते, त्यात मराठीत भ, ख, घ आहेतच, म्हणून माईकच्या समोर नाही तर जरा बाजूने बोलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कलाकार वाचतात, म्हणजे पाठांतर नाही, म्हणजे सोपं न?

नाही हो. स्टेजवर नट हाताने, चालण्याने, नजरेने निभावून नेतो, इथे फक्त गळा. त्यात आमच्याकडे सहा जण मिळून वीसच्या वर पात्रं करतात, क्लबमधला बँकर तोच पुढे बोटीचा कप्तान, आणि ऐकणाऱ्याला तो वेगळाच माणूस वाटला पाहिजे. आवाज बदलायचा म्हणून घसा आवळू नका, दोन प्रयोगांत बसतो. बोलण्याची गती बदला, श्वास कुठे घेता ते बदला, वजन बदला.

कागदाचं पण शिस्तीचं काम आहे. एका बाजूला छापलेले सुटे कागद, स्टेपल नाही, टाईप १४ चा, पान संपताना वाक्य तुटू द्यायचं नाही, झालेलं पान अलगद खाली सोडायचं. खडखडीत कागद घेऊ नका, माईकला त्याचा आवाज आगीसारखा येतो.

तालीम किती दिवस? कुठे?

अडीच महिने, आठवड्यातून चार संध्याकाळी, लक्ष्मीनगरात एकाच्या घरी वरच्या खोलीत. नागपुरात करणाऱ्यांसाठी एकच सांगणं, एप्रिल-मे मधे ऐकण्याचं काम ठेवू नका. कूलर चालू ठेवला तर काही ऐकू येत नाही आणि बंद केला तर माणूस बसू शकत नाही. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात हा हट्ट केला आणि तीन आठवडे वाया गेले, त्यानंतर पावसाळ्यात सुरू केलं.

प्रयोग २१ डिसेंबरलाच का नाही करत? तारीख मस्त जुळेल.

आमची पण तीच इच्छा होती. पण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, रस्ते बंद, मोर्चे, हॉलच्या तारखा मिळणं कठीण, आणि लग्नसराईची वरात हॉलसमोरून गेली तर संपलं. एका प्रयोगात तसं झालं सुद्धा, ऐन समुद्रात बँड आला आणि चार मिनिटं आम्ही सगळे थांबून राहिलो, निवेदकाने शांतपणे सांगितलं की बोट बंदरात थांबली आहे, आणि प्रेक्षक पण थांबले. तेव्हापासून तारीख ठरवताना आधी पंचांग बघतो.

हॉल छोटाच घ्या, दीडशे-दोनशे खुर्च्यांचा. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा सुरेश भट सभागृह सुंदर आहेत, पण तिथे ज्वारी मागच्या रांगेपर्यंत फक्त स्पीकरमधून पोचते, आणि आम्हाला वाटतं की थोडी तरी ती हवेतून यावी. बुकिंगच्या आधी हॉलमध्ये एसी आणि पंखे लावून पाच मिनिटं गप्प बसून बघा.

खर्च किती येतो?

हॉल आणि साऊंड हेच दोन मोठे खर्च. टेबलावरचं बहुतेक सामान घरातलं आणि भंगारातलं आहे.

मुलांना आणलं तर चालेल?

आठ-नऊ वर्षांच्या वरच्यांना नक्की आणा. चितेचा प्रवेश लहानांना घाबरवू शकतो, आधी थोडी कल्पना द्या. प्रयोगानंतर टेबल सगळ्यांसाठी उघडं असतं, मुलांनी सूप हातात घेऊन समुद्र करावा.

हे आकाशवाणीवर लागेल का?

आवडेल फार. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे आणि ५८५ किलोहर्ट्झवर नभोनाट्यं ऐकत विदर्भातल्या कितीतरी घरांनी नाटक पहिल्यांदा ‘बघितलं’. तिथे नाट्यकलाकारांची रीतसर आवाजाची चाचणी असते, आमच्यातल्या दोघांनी त्याची तयारी सुरू केली आहे. तोपर्यंत मोबाईलवर रेकॉर्डिंग करून फिरवू नका ही विनंती.

शेवटी तो एक दिवस जास्त कसा मिळतो हे आवाजात कसं सांगता? माझ्या मुलाला पुस्तकात पण नव्हतं कळलं.

फॉग पूर्वेकडे जात राहतो, सूर्याच्या समोर. प्रत्येक रेखांशाला त्याचा दिवस ४ मिनिटांनी लवकर संपतो, ३६० रेखांश गुणिले ४ म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे बरोबर २४ तास. त्याने ८० वेळा सूर्य उगवताना बघितला तेव्हा लंडनच्या लोकांनी ७९ वेळा बघितला होता. आणि आंतरराष्ट्रीय वार रेषा वगैरे तेव्हा ठरलेलीच नव्हती, मूळ रेखांशाची वॉशिंग्टनची परिषद १८८४ ची.

आम्ही हे निवेदनात सांगतोच, पण आधी पेरून ठेवतो. पासपार्तूचं घड्याळ लंडनच्या वेळेवर आहे, तो ते कधीच बदलत नाही. प्रत्येक बंदरात आम्ही त्या घड्याळाची टिकटिक आणि तिथल्या घंटेचे ठोके शेजारी शेजारी ऐकवतो, दर वेळी अंतर थोडं वाढलेलं असतं. कोणी लक्ष देत नाही, द्यायचं पण नाही.

मग शेवटचा प्रवेश. लंडनचा क्लब, फॉगचे मित्र बसलेले, पावणेनऊला एक मिनिट बाकी. इथे संगीत बंद, बोलणं बंद. मी फक्त लंबकाचा आवाज देते, दोन लाकडी पट्ट्या, सेकंदाला एक. पुस्तकात ५७ व्या सेकंदाला दार उघडतं, आम्ही पण ५७ पर्यंत जातो, एकही सेकंद गाळत नाही. तालमीत सगळे म्हणायचे की एवढी शांतता प्रेक्षक सहन करणार नाहीत, तीस सेकंदांवर आणा. पहिल्या प्रयोगाला चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास मला हॉलमधून बारीक आवाज यायला लागला, मान वर करून बघितलं तर पहिल्या दोन रांगा ओठांतल्या ओठांत आकडे मोजून राहिल्या होत्या. बावन्न. त्रेपन्न. चौपन्न. मी कडीवर हात ठेवला.